नाना पिनकोड

अमळनेरात घाईत असलेल्या माणसानं नानांना पत्ता विचारू नये. ढेकू रोडला जायचंय एवढंच म्हणालात, तरी नाना आधी तुम्हाला गाडीवरून खाली उतरवतात, गाडी स्टँडला लावायला सांगतात आणि दगडी दरवाज्यापासून सुरुवात करतात. गावातला कुठलाही पत्ता दगडी दरवाज्यापासून मोजायचा, हा त्यांचा दंडक. मग वाटेतलं प्रत्येक घर आधी कोणाचं होतं, कोणत्या भावाच्या वाटणीला गेलं, मधली भिंत कशी पडली आणि कोर्टात कशी उभी राहिली, हे सगळं क्रमानं येतं. माणूस पोचतो तेव्हा ज्याच्याकडे जायचं तो जेवून झोपलेला असतो. पण पोचतो बिनचूक. यजमानाच्या भाऊबंदकीची त्याला यजमानापेक्षा जास्त माहिती असते.

नाना पोस्टमन म्हणून निवृत्त झाले, असं पोस्ट खातं समजतं. नाना तसं समजत नाहीत. आडनाव पाटील, म्हणजे खान्देशात पत्त्याच्या दृष्टीनं असून नसल्यासारखं. म्हणून गावानं त्यांना आडनावाच्या जागी ‘पिनकोड’ लावलं आणि ते त्यांनी पदवीसारखं स्वीकारलं. कोणी चेष्टेनं ‘काय पिनकोड?’ म्हटलं तर ते गंभीरपणे ‘चार दोन पाच चार शून्य एक’ असं उत्तर देतात.

या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान केंद्र आहे, प्रताप शेठजींनी काढलेलं. तिथं मोठमोठी माणसं ‘मी कोण’ याचा शोध घेऊन गेली. नानांचं म्हणणं, तो प्रश्न नंतरचा. आधी ‘मी कुठं’ ते सांगा, टपाल तिथं येणार आहे.

गावातली लक्ष्मीही त्यांच्याच पिशवीतून गेली. मोहम्मद प्रेमजींनी १९४५ साली इथं वनस्पती तुपाची कंपनी काढली, तिची पुढं विप्रो झाली, आणि जुने शेअर जपून ठेवलेली इथली माणसं बसल्या जागी श्रीमंत झाली. त्यांच्या लाभांशाची पाकिटं नानांनी दारोदार वाटली. स्वतः एकही शेअर घेतला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, “पोस्टमननं पाकिटाचा बाहेरचाच भाग वाचायचा असतो.”

त्यांच्या देवघरात गणपती, संत सखाराम महाराज आणि श्रीराम भिकाजी वेलणकर असे तिघे आहेत. वेलणकर म्हणजे पोस्ट खात्यातले ते संस्कृत पंडित अधिकारी, ज्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड मिळाला. त्यामुळे नानांना १५ ऑगस्टला दोन झेंडावंदनं असतात. “पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा जिल्ह्याचा, उरलेले तीन आपल्या पोस्टाचे. देश एवढा मोठा, पण सहा आकड्यांत दारापर्यंत आणून सोडतो का नाही?” आणि मग हळूच, “शिवाय नावात भिकाजी आहे. आपलाच माणूस.”

या ‘आपलाच’ला कारण आहे. मूल जगावं म्हणून भिकन, दगडू, धोंडू अशी नावं ठेवायची आपल्याकडे जुनी रीत, आणि नानांच्या बीटमध्ये भिकन पाटलांचं पीक अमाप. त्यातल्या दोघांचं बापाचं नावही एक, गल्लीही एक. नाना त्या बीटवर नवीन होते तेव्हाची गोष्ट ते अजून रंगवून सांगतात. महिन्याच्या सुरुवातीला ‘भिकन पाटील’ला सुरतच्या मुलाची मनीऑर्डर यायची आणि अखेरीला त्याच नावानं कोर्टाचं समन्स. आधीच्या पोस्टमननं वर्षभर दोन्ही एकाच दारात टाकलं. नानांनी दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. “एकाच माणसाची एवढी भरभराट आणि एवढी बरबादी एका महिन्यात होत नाही. दोन भिकन शेतस!” त्या दिवसापासून एक ‘भिकन निंबवाला’ आणि दुसरा ‘भिकन कोर्टवाला’. कोर्टवाल्याचा खटला केव्हाच निकालात निघाला, पण नाव नातवापर्यंत चाललंय.

घरात पत्ता नसलेली वस्तू नानांना सहन होत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर त्यांनी ऑइलपेंटनं आकडे घातले: फळी दुसरी, डबा चौथा, म्हणून २४. वहीत २४ म्हणजे उडदाची डाळ. नानींनी वही कधी उघडली नाही. त्या झाकण उघडून वास घेतात. शिवाय डाळ संपली की त्याच डब्यात शेंगदाणे भरतात, वहीला न कळवता. एकदा नाना नवीन ब्रश घेऊन मसाल्याच्या डब्यांकडे वळले, तेव्हा नानी उलथनं घेऊन आडव्या आल्या. “मना डबासले हात लावानं नही!” मसाल्याची फळी त्यामुळे आजही बिनआकडी आहे. नाना तिचा उल्लेख ‘वादग्रस्त प्रदेश’ असा करतात.

अशा माणसाच्या घरी पुण्याहून पुतण्या आला, तो खोकंभर सेन्सर घेऊन.

पुतण्या इंजिनिअर. घरच्या शेतात कुठं किती ओल आहे ते आपोआप कळावं, म्हणजे विहिरीचं पाणी आणि रात्रीची लाइट वाया जाणार नाही, असा त्याचा बेत. तळहाताएवढ्या पांढऱ्या डब्या, खाली मातीत खुपसायच्या दोन पट्ट्या, आत दोन पेन्सिल सेल. ही डबी बहुतेक वेळ झोपते, पंधरा मिनिटांनी जागी होते, ओल मोजते, शेजारच्या राउटरला सांगते आणि पुन्हा झोपते. राउटरनं मात्र जागंच राहायचं, म्हणून त्याच्या डोक्यावर छोटं सोलर. राउटर निरोप पुढं ढकलत ढकलत पंपाच्या खोलीतल्या मुख्य पेटीपर्यंत नेतात. झिग्बी म्हणतात या पद्धतीला.

नानांना त्यातलं ‘शेजाऱ्याकडे निरोप देऊन ठेवणं’ तेवढं पटलं. मग त्यांनी चष्मा लावून एका डबीच्या पाठीवरचं स्टिकर वाचलं. सोळा अक्षरं, त्यात आकडे आणि इंग्रजी मुळाक्षरं कालवलेली.

“हाई नाव शे का जन्मपत्री?”

नाना पोस्टातल्या सवयीनं प्रमाण मराठी बोलतात. अहिराणी फक्त रागात किंवा आनंदात. हे यातलं कोणतं ते पुतण्याला कळलं नाही. त्यानं समजावलं, की हे कारखान्यात मिळालेलं कायमचं नाव. सुरुवातीचा भाग कंपनीचा, तो आयट्रिपलई नावाची जागतिक संस्था कंपन्यांना विकते. उरलेला भाग कंपनी आपल्या एकेका डबीला देते. जगात असं दुसरं नाव असता कामा नये.

“म्हणजे आडनाव विकत घ्यायचं आणि पाळण्यातलं नाव घरी ठेवायचं. बरं. मग हेच का वापरत नाही?”

“लांब आहे ना, नाना. आठ बाइट. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं मिळून सोळा. अख्खं पाकीट जास्तीत जास्त १२७ बाइटचं. त्यात सोळा नावापायी गेले तर मजकूर कुठं लिहायचा? आणि जितकं लांब बोलायचं तितका सेल लवकर संपणार. म्हणून जाळ्यात आल्यावर प्रत्येकाला दोन बाइटचा छोटा पत्ता द्यायचा. दोघांचे मिळून चारच बाइट.”

नाना खुर्चीतून उठलेच. “तारेचा पत्ता!” आणि मग तासभर पुतण्याला तार खातं ऐकावं लागलं. तारेत शब्दाशब्दाला पैसे, म्हणून कापसाच्या पेढ्या एका शब्दाचा पत्ता पोस्टात नोंदवून ठेवत. मुंबईच्या व्यापाऱ्यानं तो एक शब्द लिहिला की तार बरोबर अमळनेरातल्या त्या ओट्यावर. “२०१३ च्या जुलैत सरकारनं तार बंद केली. मी तेव्हाच म्हणालो होतो, ही विद्या परत लागणार आहे. हे छोटे पत्ते कोण देणार?”

“मुख्य पेटी देते आपोआप...”

“पेटी?” नानांनी कानावरची पेन्सिल काढली. “माणूस घरात असताना?”

पुतण्यानं मग काकांच्या समाधानासाठी झिग्बीची जुनी रीत काढली. मुख्य पेटीचा नंबर शून्य. प्रत्येक बापाला जास्तीत जास्त चार मुलं, त्यातल्या दोघांनीच पुढं संसार थाटायचा, आणि तिसऱ्या पिढीला सगळ्यांनी थांबायचं. एवढं एकदा ठरलं की नंबर गणितानंच पडतात. शून्याचा थोरला राउटर १, त्याच्या घराण्याला १ ते १३ राखून ठेवलेले. धाकटा राउटर १४, त्याच्याकडे १४ ते २६. उरलेली दोन बिनसंसारी मुलं २७ आणि २८. शून्य धरून एकोणतीस. नंबर पाहिला की तो कोणाच्या घरातला ते कळतं, त्यामुळे निरोप कोणीकडे ढकलायचा याची वेगळी यादी राउटरला ठेवावी लागत नाही.

नानांचा आवाज जड झाला. “पिनकोड शे हाऊ!” त्या रात्री त्यांनी दोनशे पानी वही आखली. १ ते १३ ‘विहिरीचं बीट’, १४ ते २६ ‘नाल्यापलीकडचं बीट’. सकाळी प्रत्येक डबीच्या पोटावर ऑइलपेंटनं नंबर. पावसानंतर पेरणी झाली आणि डब्या शेतात गेल्या.

पहिली अडचण नाल्यापलीकडे आली. तिकडच्या वावराला उतार जास्त, एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला भेगा, म्हणून पुतण्याला तिथं आणखी एक डबी हवी होती. तिला ऐकू येत होता फक्त १४ नंबर. आणि चौदाच्या पदरात चारही मुलं झालेली. नवी डबी दर मिनिटाला ‘मला घ्या, मला घ्या’ करत लाल दिवा मिचकावत बसली. विहिरीच्या बीटमध्ये मात्र नऊ नंबर कोरे पडून होते.

“त्यातला एक हिला देऊ या का?” मी सहज म्हणालो.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चोपड्याचं टपाल पारोळ्याच्या पिशवीत टाकलं होतं. “दुसऱ्या बीटचा नंबर? सर, मग नियमाला अर्थ काय राहिला?” डबी दोन दिवस अनाथासारखी मिचकावत राहिली. सेल संपले, नियम टिकला.

पुतण्यानं शेवटी सांगून टाकलं, की याच खोडीपायी झिग्बीवाल्यांनीही २००७ च्या ‘प्रो’ आवृत्तीत ही वंशावळ सोडली. एक शाखा भरून वाहते, दुसरी रिकामी, आणि वाटणी मागाहून बदलता येत नाही. आता नव्या डबीला पासष्ट हजारांतला कुठलाही एक नंबर चिठ्ठी टाकून देतात.

“चिठ्ठी टाकून! आणि दोघांना एकच आला तर?”

“तीस डब्यांत तसं व्हायची शक्यता दीडशेत एक.”

“आणि तीनशे डब्या झाल्या तर?”

पुतण्यानं मोबाइलवर हिशेब केला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, “निम्मी.”

“दहापट माणसं आली की दीडशेत एकाचं निम्म्यावर! ही लोकं पोस्ट चालवतात का मटका?” मग पुतण्यानं उपायही सांगितला. एकाच छोट्या नंबराची दोन वेगवेगळी लांब नावं कोणाच्या लक्षात आली की तो जाळ्यात बोंब मारतो, आणि त्या नंबराचे धनी आपापला नंबर बदलून घेतात. नाना गप्प झाले. चूक होऊ द्यायची आणि मग बोंब मारायची, हे त्यांना खात्याच्या शिस्तीत बसणारं वाटेना.

त्यांचं मन राखायला पुतण्यानं दुसऱ्या एका घराण्याची माहिती दिली. सिक्सलोपॅन. तिथं प्रत्येक डबी इंटरनेटचा सोळा बाइटचा अगडबंब पत्ता घेऊन फिरते, पण पाकिटावर तो आक्रसून लिहिते. २०१२ च्या नियमांप्रमाणे तिनं आपला पत्ता राउटरच्या दप्तरी नोंदवायचा. ही नोंद ठरलेल्या मुदतीची. मुदत सरायच्या आत जागं होऊन ‘मी आहे’ असं पुन्हा कळवलं नाही तर नाव कमी.

“म्हणजे नोव्हेंबरातला हयातीचा दाखला,” नाना म्हणाले. पेन्शनीच्या रांगेत दरवर्षी उभं राहणाऱ्या माणसाला हे लगेच समजलं. “ही माणसं सरकारी दिसतात. तू ते का नाही आणलं?”

शेवटी चिठ्ठ्यांचेच नंबर लागले. वहीतली बीटं नानांनी तांबड्या शाईनं रद्द केली आणि प्रत्येक पानावर सही केली.

श्रावणात खरी गंमत झाली. एकाच डबीकडून पंधरा मिनिटांना चिखल आणि पुढच्या पंधरा मिनिटांना दुष्काळ, असे आकडे यायला लागले. पुतण्यानं पट्ट्या बदलल्या, सेल बदलले, लॅपटॉप मांडीवर घेऊन बांधावर बसला. कपाशीची ओली पानं सिग्नल खातात, असं एक अनुमान निघालं. सेन्सर गंजला असेल, हे दुसरं. रविवारी रात्री पुण्याच्या मित्रांना व्हिडिओ कॉल लागला. तिकडे चार तज्ज्ञ, इकडे मधे मधे नानींची कळण्याची भाकरी.

नाना ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “तो कागद दाखव.” आकड्यांच्या रांगेवरून त्यांनी पेन्सिल फिरवली. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. मनीऑर्डर, समन्स, मनीऑर्डर, समन्स.

“दोन भिकन शेतस.”

“शक्यच नाही, नाना. नंबर सारखा असता तर जाळ्यानं बोंब मारली असती.”

“छोटा सारखा असता तर. लांबसुद्धा सारखा असेल तर बोंब कोण मारणार? बापाचं नाव एक, गल्ली एक!”

सकाळी नाना स्वतः शेतात गेले. नाल्याकडच्या एका डबीचं झाकण उघडून त्यांनी एक पेन्सिल सेल काढला आणि बंडीच्या खिशात ठेवला. मग बांधावर बसून तासभर काही बोलले नाहीत. पंपाच्या खोलीतून पुतण्या ओरडला, “नाना, दुष्काळ बंद! आता नुसता चिखल!” नानांनी सेल परत घातला. थोड्या वेळानं दुष्काळ परत आला. कुठल्यातरी स्वस्त मालवाल्यानं एका डबीचं पोट दुसरीत जसंच्या तसं उतरवलं होतं, जन्मनावासकट.

पुतण्या त्यातल्या एकीला नवं लांब नाव लिहायला बसला तेव्हा नानांनी हरकत घेतली. आयट्रिपलईचं काम आपण कसं करायचं? त्यावर कळलं, की त्या नावात एक बिट नेमकी हीच खूण सांगायला ठेवलेली असते: नाव वरून आलंय की इथल्या इथं ठेवलंय. खूण केली की गावात ठेवलेलंही चालतं. नानांचा चेहरा उजळला. जगाच्या संस्थेनं भिकन निंबवाला आणि भिकन कोर्टवाला यांची आधीच सोय करून ठेवली होती. जागतिक संस्थांबद्दल त्यांचं मत तेव्हापासून बरं आहे.

दिवाळीत सेल बदलायची वेळ आली, आणि जाळ्यातलं सगळ्यात मोठं भोक उघडं पडलं. लॅपटॉपवर सगळं स्वच्छ दिसत होतं. अमुक नंबरच्या डबीचे सेल उतरले. आता ती डबी कुठं आहे? चिठ्ठीच्या नंबरावरून बापही कळत नाही, मग जागा कुठली कळणार? पेरणीनंतर घोट्याएवढी असलेली कपाशी आता छातीला लागत होती. पांढऱ्या बोंडांच्या वावरात पुतण्या पांढरी डबी शोधत होता.

“पोऱ्या, नंबर देनं सोपं शे,” नाना म्हणाले. “तो ऱ्हास कोठे ते कोन सांगी?”

आणि त्यांनी रद्द केलेल्या वहीचा मागचा अर्धा भाग उघडला. डब्या लावताना त्यांनी कोणाला न सांगता एक वेगळा रकाना आखला होता: ‘खूण’. वाकड्या निंबापासून दक्षिणेला अकरा पावलं. आप्पांनी धाकट्याशी भांडून घातलेल्या बांधाच्या कडेला. जिथं गेल्या साली साप निघाला तिथून तिसरी सरी. पुतण्या वाचत गेला आणि डब्या सापडत गेल्या. पुण्याच्या मित्रांनी त्या रकान्याचा फोटो मागवला. त्यांना तो लॅपटॉपवर घालायचा होता, पण ‘आप्पा धाकट्याशी का भांडले’ याशिवाय तो बांध ओळखता येणार नाही, असं नानांनी कळवलं आणि भांडणाची तीन पानं जोडली.

एकच डबी राहिली. तिच्यापुढं खूण होती: ‘गोठ्यामागे, खुंट्याला बांधलेल्या म्हशीच्या शेपटाकडून सात हात.’ गोठा सहा खणांचा. म्हैस दसऱ्यात विकलेली. खुंटेही काढलेले.

नाना डगमगले नाहीत. म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर त्यांनी त्याच ओळीत टिपून ठेवला होता. व्यापाऱ्याला फोन, व्यापाऱ्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, नाना एसटीनं पारोळ्याला गेले, तिथून टमटमनं एका खेड्यात, आणि गोठ्यात वाकून त्यांनी बिल्ला ताडून पाहिला. बाराच्या बारा आकडे जुळले. नव्या मालकानं चहा पाजला. ती तुमच्याकडे नक्की कोणत्या खुंट्याला असायची, हे मात्र म्हशीनं सांगितलं नाही.

डबी अजून शेतातच आहे. सेल संपेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तिनं ओल कळवली. वहीतली तिची ओळ नानांनी खोडली नाही. फक्त ‘खूण’च्या रकान्यात म्हशीचा नवा पत्ता लिहिला, खेड्याचं नाव, तालुका पारोळा, आणि खाली दोन रेघा मारून पिनकोड.